पोटाचे की आतड्याचे

शुक्रवार पेठ, सोलापूर
१० सप्टेंबर १९७८

सौ. अंबुबाई यांस,

पुण्याच्या रुग्णालयाच्या संमतिपत्रावर जवळच्या नातेवाइकाची सही लागते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. आईवडील गेले, लग्न मी केले नाही. उरलीस तू. अकरा वर्षांनी थोरल्या बहिणीचे पत्र आले म्हणजे काही वाईट घडले, असे समजू नये. जे घडायचे ते आठ नोव्हेंबरला आहे आणि ते मी ठरवून घडवून आणते आहे.

माझ्यावर वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया व्हायची आहे. अशी शस्त्रक्रिया असते हे मलाही महिन्यापूर्वी ठाऊक नव्हते. डॉ. कित्तूर नावाचे सर्जन अमेरिकेत सहा वर्षे राहून ती शिकून आले आहेत.

गुडघे, दम, रक्तदाब हे सगळे मी सोसत होते. परंतु गेल्या पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर पाहुण्यांचे भाषण चालू असताना मला व्यासपीठावर झोप लागली. मी घोरले. समोर ध्वनिक्षेपक होता. सहाशे मुली मैदानात बसल्या होत्या. एकही हसली नाही. माझ्या शाळेत मुली हसत नाहीत. त्या दिवशी हसल्या असत्या तर बरे झाले असते, असे मला नंतर वाटले.

इथल्या डॉक्टरांनी सांगितले की ही झोप आळसाची नाही, चरबीची आहे. रात्री श्वास पुरत नाही म्हणून दिवसा डोळा लागतो. असेच चालले तर पाच वर्षे, असे म्हणाले. मी बावन्न वर्षांची आहे. सत्तावन्न हे वय मला पटले नाही.

माझे खाणे पहिल्यापासून मोजके आहे, हे तुला माहीत आहेच.

डॉ. कित्तूरांची अट अशी की शस्त्रक्रियेआधी मी स्वतःच्या हिमतीवर पाच किलो कमी करून दाखवायचे, म्हणजे भूल देणे सोपे जाईल. दर आठवड्याला वजनाची नोंद ठेवायची. त्यांच्या रुग्णालयातला काटा एकशे वीसपर्यंतच जातो. तो तिथे जाऊन टेकला आणि थांबला. म्हणून मी दर गुरुवारी सकाळी सातला मार्केट यार्डात चन्नवीरप्पांच्या अडतीवर जाते. त्यांच्या दोन्ही मुली माझ्या हाताखाली शिकल्या. ज्वारीची पोती चढवतात त्या काट्यावर मी उभी राहते. कोंडीबा नावाचा तोलणारा आहे. तो म्हणाला, "बाई, मदी उभ्या ऱ्हावा. हलू नगा की. काटा बी घाबरतुया." मग मापाच्या रिवाजाप्रमाणे एक न म्हणता "लाभ!" असा ओरडला आणि आकडा सांगितला. एकशे चोवीस. लाभ कोणाचा ते त्यालाच ठाऊक.

संमतिपत्र सोबत आहे. फुली केली आहे तिथे सही करून परत पाठवावे. तिकीट लावलेले पाकीट आत ठेवले आहे. उत्तराची अपेक्षा नाही, सहीची आहे.

महानंदा

*

सोलापूर
१७ सप्टेंबर १९७८

अंबुबाईस,

तुझे कार्ड मिळाले. "सही करत न्हाय. आदी काय कापनार ते लिव. तुजं पाकीट पोस्टमननं दिलं तवा मला वाटलं तू गेलीस, आन् शाळेनं कळवलं." शाळा अशी कामे मुख्याध्यापिकेच्या हस्ताक्षरात करत नाही, एवढे लक्षात यायला हवे होते.

तुझा प्रश्न मात्र योग्य आहे. शस्त्रक्रिया दोन प्रकारच्या आहेत आणि निवड डॉक्टरांनी माझ्यावर सोपवली आहे.

पहिली आतड्याची. लहान आतडे वीस-बावीस फूट असते. त्यातले दीडेक फूट चालू ठेवायचे आणि बाकीचे बाजूला वळवून ठेवायचे. खाल्लेले अन्न अंगी लागायच्या आत पुढे निघून जाते. वजन झपाट्याने उतरते. खाण्यावर बंधन नाही. तोटे असे की दिवसातून पाच-सहा वेळा, कदाचित जास्त, शौचास जावे लागते. अंगातले क्षार कमी होतात. यकृत बिघडू शकते. अमेरिकेत काहींचे इतके बिघडले की आतडे पुन्हा जोडून द्यावे लागले.

दुसरी पोटाची. जठराच्या वरच्या टोकाला चिमूटभर पिशवी ठेवायची आणि बाकीचे बंद करायचे. चार-पाच चमचे खाल्ले की पोट भरते. वजन हळू उतरते, पण शरीर सुरक्षित राहते. तोटा असा की ही शस्त्रक्रिया निम्मी डॉक्टर करतात आणि निम्मी आपण करायची. चमचाभर जास्त खाल्ले की उलटी. सतत जास्त खाल्ले तर पिशवी ताणते आणि सगळे फुकट. पहिले दोन महिने दर दोन तासांनी पातळ, गाळलेले, मोजलेले द्यावे लागते. हे करायला घरात माणूस हवे.

तिसरा एक उपाय आहे, दात तारेने बांधून ठेवण्याचा. तो मी ऐकूनही घेतला नाही. मुख्याध्यापिकेने दात बांधून शाळा कशी चालवायची?

डॉक्टरांचा कल पोटाच्या बाजूला आहे. त्यांनी विचारले, "घरी कोण आहे?" मी म्हटले, "मी आहे." त्यांनी ते लिहून घेतले नाही.

माझा कल आतड्याच्या बाजूला आहे. तिला कोणाची गरज लागत नाही.

या गुरुवारी वजन एकशे सव्वीस भरले. कोंडीबा मुलीच्या बाळंतपणासाठी गावी गेला आहे, म्हणून चन्नवीरप्पांनी स्वतः वजन केले. आठवडाभर दोन वेळा अर्धी भाकरी आणि पालेभाजी एवढेच खाऊन दोन किलो वाढले. याचा अर्थ मला लागत नाही.

टेंभुर्णीच्या मांडवात जे झाले त्याचा या सगळ्याशी संबंध नाही. तो विषय काढू नये.

महानंदा

*

सोलापूर
२९ सप्टेंबर १९७८

अंबू,

विषय काढू नये असे लिहिले होते, तरी तू काढलासच.

आधी म्हशीबद्दल. "म्हशीला हगवन लागली तर आठ दिसांत पाठीचा कना दिसतो. म्हनून काय ती बरी झाली म्हनायची? आतड्याचं म्हंजी जन्मभराची हगवन इकत घेनं हाय." मला राग आला नाही. डॉक्टरांनी अर्धा तास इंग्रजीत जे समजावले ते तू दोन ओळींत लिहिलेस. तरीही मी काल डॉ. कित्तूरांना आतड्याची शस्त्रक्रिया करा म्हणून पत्र टाकले. कारण सांगते.

एकशे चोवीस, एकशे सव्वीस, एकशे पंचवीस आणि काल पुन्हा एकशे चोवीस. तीन आठवडे अर्धपोटी राहून मी जिथे होते तिथेच आहे. काट्याला खोटे बोलायचे कारण नाही. तेव्हा खोटे मीच बोलत असणार.

आता जे लिहिते ते कोणालाही सांगितलेले नाही. माझे खाणे मोजके नाही. आई गेल्यापासून नाही. शाळा साडेपाचला सुटते. घरी येते, दार लावते आणि फडताळापाशी उभी राहूनच शेंगाचटणीचा डबा आणि कडक भाकरी घेते. बसत नाही, ताट घेत नाही. ताट घेतले की ते जेवण होते. किती खाल्ले ते मोजत नाही. सहाशे मुलींच्या हजेरीत एक चुकली तर मला कळते, पण भाकऱ्या किती झाल्या हे कळत नाही.

या तीन आठवड्यांत मी डब्याला हात लावला नाही, अशी माझी समजूत होती. पहिल्याच दिवशी मी डबा भांडी घासणाऱ्या शिवबाईकडे देऊन टाकला. ती म्हणाली, "बाई, माज्याकडं ठेवून काय उपेग? मीच फुगंन की." पण काटा म्हणतो की मी कुठेतरी, काहीतरी खाते आहे आणि मलाच ठाऊक नाही. अशा बाईने पोटाची शस्त्रक्रिया करून घेऊन काय उपयोग? ती पिशवी मी महिन्यात ताणून ठेवीन. आतड्याच्या शस्त्रक्रियेत माझ्यावर विश्वास ठेवावा लागत नाही. म्हणून ती.

आता मांडव. तू लिहितेस, "खुर्ची मोडली तवा मी हसले. आलंच हसू. खोटं कशाला बोलू? पन उठवाया मीच आले पयली, आन् तू माजा हात झटकलास." राजाच्या लग्नात शंभर माणसांसमोर मी जमिनीवर बसले होते. मला हात दिसला नाही, हसणे दिसले. अक्षता पडायच्या आत मी एस.टी. धरली. हे तुझ्या मुलाच्या लग्नात केले, हे चुकले.

दोन महिन्यांनी तुझे माफीचे पत्र आले होते. मी त्याच्या वरच्या कोपऱ्यात शेरा लिहून ते परत पाठवले: "अर्ज मुदतीनंतर आला. नामंजूर." खाली तारीख आणि माझी सही. त्या दिवशी तो शेरा मला चांगला जमला असे वाटले होते. तू त्याबद्दल एक अक्षर लिहिले नाहीस. म्हणून मीच लिहिते.

अक्का

*

सोलापूर
६ ऑक्टोबर १९७८

अंबू,

हे पत्र तातडीचे आहे, कारण मागचे पत्र चुकीचे होते.

काल कोंडीबा गावाहून परत आला. मी नेहमीप्रमाणे काट्यावर उभी राहिले. तो ओरडला, "लाभ! एकशे वीस!"

मी म्हटले, "एका आठवड्यात चार किलो? काटा नीट बघ."

"काटा नीटच हाय बाई. बारदान काढून सांगतुया."

"कसले बारदान?"

तो डोके खाजवायला लागला. "आता पोत्याचं वजा करत्यात न्हवं? तसं तुमचं लुगडं, चपला, ती पिशवी. आन् वर थोडा कडता. तीन किलू धरलं म्या. पयल्या बारीला बी धरलं हुतं. हातच तसा पडलाय ओ, तीस वर्सं झाली."

चन्नवीरप्पा गादीवरून खाली आले. "अरे, मी तीन आठवडे नुसतं सरळ वजन लिहितोय! बाईंना कडता लावतोस? बाईंच्यात काय माती हाय, का ओल हाय?" आणि ते पोत्याला धरून इतके हसले की त्यांची टोपी पडली.

अंबू, तुमच्या ज्वारीला माती धरून, ओल धरून जो कडता लावतात आणि ज्याच्यापायी तुझ्या यजमानांनी अडत्यांना इतक्या शिव्या घातल्या, तो मला लागला. म्हणजे पहिल्या गुरुवारी मी एकशे चोवीस नव्हते. एकशे सत्तावीस होते. मग सव्वीस, पंचवीस, चोवीस. आणि काल एकशे तेवीस. दर आठवड्याला एक किलो. मी कुठेही चोरून खाल्ले नव्हते. ज्या बाईवर मी तीन आठवडे आरोप ठेवला होता, ती निर्दोष होती.

मला हसू आले. चपला हातात घेऊन काट्यावर उभी होते. थांबवायचा प्रयत्न केला, पण थांबेना. काट्याचा दांडा वरखाली नाचायला लागला. कोंडीबा म्हणाला, "बाई, हसू नगा. वजन बदलतंय."

बाहेर ज्वारीच्या गाड्या लागल्या होत्या. गाडीवान माना वळवून बघत होते. बघू देत, म्हटले.

तिथून थेट तारघरात गेले आणि डॉ. कित्तूरांना तार केली: आतड्याचा निर्णय रद्द, पत्र मागाहून.

कोंडीबाला ताकीद दिली आहे की यापुढे माझ्यात बारदान धरायचे नाही. तो म्हणतो, "सवय हाय की, बाई. पन ध्यानात ठिवतो."

अक्का

*

सोलापूर
१५ ऑक्टोबर १९७८

अंबू,

गुरुवारी एकशे बावीस. पाच किलो पूर्ण झाले. चन्नवीरप्पांनी वजनाच्या चिठ्ठीवर, जिथे मालाचे नाव लिहितात तिथे, "उत्तम" असे लिहून दिले. मी ते खोडायला सांगितले नाही.

डॉक्टरांचे उत्तर आले. पोटाची शस्त्रक्रिया माझ्यासाठी योग्य, असे त्यांचेही मत आहे. परंतु घरी दोन महिने सांभाळणारे माणूस आहे असे कळवल्याशिवाय ती करणार नाहीत. शेवटची ओळ: "पेशंटने 'मी आहे' असे उत्तर पुन्हा देऊ नये."

म्हणून आता खरे सांगते. संमतिपत्र तुझ्याकडेच आहे, काढून बघ. छापलेले आहे ते असे: "नातेवाईक अथवा अन्य जबाबदार व्यक्ती". आमच्या संस्थेचे सचिव सही करायला एका पायावर तयार होते. मी त्यांना विचारलेसुद्धा नाही. तू फॉर्म नीट वाचत नाहीस हे मला लहानपणापासून ठाऊक आहे, त्या भरवशावर मी पहिल्या पत्रात सही लागते म्हणून लिहिले. सही हे निमित्त होते. अकरा वर्षांनंतर मला दुसरे काही सुचले नाही.

तेव्हा सही मागत नाही. तू यावेस असे मागते आहे.

काम काय आहे ते आधी सांगते, म्हणजे मागून तक्रार नको. पहिला आठवडा पुण्याला. रुग्णालयात नातेवाइकांना व्हरांड्यात झोपावे लागते. नंतर सोलापूरला, संक्रांत येईपर्यंत. सुरुवातीला चमच्याने पाणी, मग ताक, मग गाळलेली पेज, मग मऊ भात. दर दोन तासांनी, घड्याळ लावून. आणि मी आणखी मागितले तर "बस" म्हणायचे. हे सगळ्यात अवघड काम आहे. मला आयुष्यात कोणी बस म्हटलेले नाही. मीच म्हणत आले. मी चिडेन, टोचून बोलेन, तुला एकदा तरी घालवून देईन. त्या दिवशी जायचे नाही.

तुझ्या घरी काय अडचणी आहेत मला माहीत नाही. अकरा वर्षांत मी विचारले नाही. ऊसतोडीचे दिवस आहेत, यजमानांचे हाल होतील, सून काय म्हणेल, हे सगळे असणार. नाही म्हणालीस तरी राग धरणार नाही. पण मग आतड्याची करावी लागेल, किंवा कोणतीच नाही. ही धमकी नव्हे, माहिती आहे.

एकतीस ऑक्टोबरपर्यंत डॉक्टरांना कळवायचे आहे. मुदतीनंतर आले तरी तुझे उत्तर मी घेईन.

तुझी अक्का

*

पुणे, स्त्रियांचा वॉर्ड
७ नोव्हेंबर १९७८, संध्याकाळ

अंबू,

भेटीची वेळ सहाला संपली आणि तुला खाली व्हरांड्यात पाठवले, म्हणून ही चिठ्ठी परिचारिकेच्या हाती देत आहे.

डॉक्टरांनी आज तुझ्यादेखत पुन्हा विचारले, "घरी कोण आहे?" तू जे उत्तर दिलेस ते पूर्ण वॉर्डभर झाले आहे. "म्या हाय. ही जास्त मागाया लागली तर हात धरीन. पन हिनं मला नापास करायचं न्हाय, एवडं कागदावर लिवून घ्या." समोरच्या खाटेवरची बाई अजून हसते आहे. डॉक्टरांनी ते खरोखरच केस पेपरवर लिहिले. मी पाहिले.

तू विचारलेस, भीती वाटते का? मी नाही म्हणाले. वाटते. ज्यांच्यावर त्यांनी इथे ही शस्त्रक्रिया केली अशा चौघी आहेत, मी पाचवी. चौघी चालत्याफिरत्या आहेत, त्यातल्या एकीने मला जिना चढून दाखवला. तिला दम लागला नाही. मी तिच्या पायांकडेच बघत होते.

परिचारिका आताच सांगून गेली की उद्या सकाळी अंगावर काही ठेवायचे नाही. बांगड्या, घड्याळ, चष्मा, गळ्यातले, सगळे काढून त्यांच्या पाकिटात टाकायचे आणि वर नाव लिहायचे. बाकीचे ठीक आहे. गळ्यातले तिला समजावून सांगावे लागले. ती नगरकडची, तिला वाटले लॉकेट आहे. मी म्हटले, हे आम्हा लिंगायतांचे इष्टलिंग, जन्मल्यावर बाराव्या दिवशी गळ्यात बांधले तेव्हापासून उतरलेले नाही, ते पाकिटात जात नाही. ती म्हणाली, "मग बाई, कुठं ठेवू?" मी म्हटले, माझी बहीण आहे खाली.

पहाटे सहाला वर ये. अंघोळ करून ये. मी यादी करून ठेवते. तू वाचून सही करायची. या वेळी नीट वाचून.

अक्का

*

सुपूर्द केलेल्या वस्तूंची नोंद
८ नोव्हेंबर १९७८, सकाळी सव्वासहा

देणार: महानंदा. घेणार: सौ. अंबुबाई, धाकटी बहीण.

१. चष्मा, घरासह.

२. मनगटी घड्याळ. रोज सकाळी किल्ली द्यावी. पुढचे दोन महिने याच घड्याळाने चमचे द्यायचे आहेत.

३. सोन्याच्या बांगड्या, दोन. साबण लावून निघाल्या. महिन्याभरापूर्वी निघाल्या नसत्या.

४. शुक्रवार पेठेतील घराच्या किल्ल्या, तीन. स्वयंपाकघर पूर्णपणे घेणाऱ्याच्या ताब्यात.

५. इष्टलिंग, चांदीच्या पेटीसह, दोऱ्यासह. खाली ठेवायचे नाही. मी शुद्धीवर येईपर्यंत घेणाऱ्याच्या तळहातावर.

घेणाऱ्याची पोच, तिच्या हस्ताक्षरात:

वाचलं. पाची मिळालं. पाचवं हातात हाय, मूठ मिटलेली हाय. घ्याया ये.
अंबू